सुलेमानशेठने भाव करणं सोडलं

बातमी आली तेव्हा माझा हात शेलूबाजारच्या बैलबाजारात एका परक्या माणसाच्या हातात होता. आमच्याकडे बैलाचा भाव तोंडाने होत नाही. घेणारा आणि विकणारा उपरण्याखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा सांगतात, भोवतीच्या लोकांना काही कळू देत नाहीत. मी त्याची दोन बोटं धरली होती, तो तिसरं पुढे करत होता, इतक्यात वाशीमचा एक छकडेवाला माझ्या कानाशी वाकला. "किसनभाऊ, सुलेमानशेठ सरले. आज सकाळीच." मी त्याच्याकडे पाहिलं आणि पुन्हा उपरण्याकडे पाहिलं. तिसरं बोट मी धरलं नाही. सौदा माझ्याच किमतीला ठरला, बैल माझ्या माणसाच्या हाती दिले, आणि मग मी एका गाडीच्या चाकाला टेकून खाली बसलो. खोटं कशाला लिहू... आधी सौदा, मग दुःख. वाशीमला पोचलो तेव्हा मूठमाती देऊन लोक परतत होते. कोणी माझ्यासाठी थांबलं नव्हतं, आणि थांबायचं कारणही नव्हतं.

या गोष्टीला आता तीन महिने झाले. या दिवसांत ज्याच्या त्याच्या तोंडी मी एकच ऐकतो, सुलेमानशेठ म्हणजे देवमाणूस. कधी कोणावर आवाज चढवला नाही, कधी कोणाशी भांडला नाही. मला हे मान्य नाही. तो भांडायचा. माझ्याशी तो सतरा-अठरा वर्षं दर गुरुवारी भांडत होता, आणि मग एका गुरुवारी त्याने भांडणं सोडलं. ज्याला देवमाणूस म्हणतात त्याने माझ्यावर काय अन्याय केला ते मला लिहायचं आहे. लिहून झाल्यावर वाचणाऱ्याला माझाच दोष दिसला तर दिसू दे. मी माळ्याच्या घरात जन्मलो, आईने वांगी-मेथी विकून मला वाढवलं, आणि शाळेची चार बुकं शिकून मी कापडाच्या धंद्यात शिरलो. माझ्या मालात खोट असेल तर ती गिऱ्हाइकाला दिसायच्या आधी मला दिसते.

सुलेमानशेठ आमच्या मुलखातला नव्हता. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर लागोस नावाचं बंदर आहे, तिथला. मामाबरोबर हजला निघाला, मामा तिकडेच वारला, आणि परतीच्या पैशाअभावी हा विशी-बाविशीचा तरुण मुंबईच्या हाजींच्या बोटीत चढून इकडे आला. मुंबईत कापडाच्या गाठी वाहिल्या. पुढे एका कच्छी व्यापाऱ्याबरोबर कापसाच्या हंगामात वाशीमला आला तो इथलाच झाला. रंगाने काळा कुळकुळीत, उंचीला दारात वाकावं लागे असा, आणि दोन्ही गालांवर तीन-तीन उभ्या रेघा, लहानपणी पात्याने कापलेल्या. लोक त्याला शिद्दी म्हणत, हबशी म्हणत. तो प्रत्येकाला शांतपणे आपल्या जमातीचं नाव सांगे, "शिद्दी नाई. योरुबा." कोणाच्या लक्षात राहत नसे. बायको-पोरांत इतका रमलेला की बाजारातल्या टवाळांनी त्या नावाचंच 'जोरूबा' केलं, आणि त्यावर तो सगळ्यांत मोठ्याने हसे.

आमची पहिली भेट मला आठवते, कारण त्या दिवशी मला त्याचा राग आला होता. मी आईच्या भाजीच्या दुकानाशी, म्हणजे जमिनीवर पसरलेल्या गोणपाटाशी, उभा होतो. हा माणूस आला. आईचे पांढरे केस पाहिले, आणि काही बोलायच्या आधी तिच्यापुढे सरळ पालथा पडला. छाती जमिनीला, कपाळ जमिनीला, भर बाजारात, सडक्या वांग्यांच्या चिखलात. त्यांच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला असाच नमस्कार करतात. सकाळी आईला, बापाला, रस्त्यात भेटलेल्या म्हाताऱ्या बाईलासुद्धा. आम्हाला ते कुठे ठाऊक. आपल्याकडे असं दंडवत देवाला घालतात. आई घाबरून उठली, मग रडली. चाळीस वर्षं त्या बाजारात बसणाऱ्या बाईला लोकांनी भाजी महाग म्हणून शिव्या दिल्या होत्या, पायाशी कोणी आलं नव्हतं. त्या दिवसापासून ती त्याला "माह्या काया लेक" म्हणू लागली, माझ्या काळ्या लेकाला मेथीची जुडी घेऊन जा म्हणून मला पिटाळू लागली. मी दुकान काढून तिला गादीवर बसवायचं म्हणत होतो, आणि हा फुकट जमिनीवर झोपून तिचा मुलगा झाला होता. पुढे आई गेली तेव्हा तिने शेवटचं पाणी त्याच्या हातून मागितलं. मी तांब्या घेऊन शेजारीच उभा होतो.

त्याची आई लागोसला निळीचे रांजण ठेवून कापड रंगवायची. तिकडे हे काम बायकांचं, असं तो सांगे. त्यामुळे निळीची पारख त्याच्या नाकात आणि जिभेत होती. इथे त्याने एका रंगाऱ्याशी सूत जमवलं, त्याच्या रांजणातलं पाणी बोटाने चाखून "अजून दोन दिवस" असं सांगितलं, आणि रंगाऱ्याने ते खरं ठरल्यावर आधी रांजण आणि मग मुलगी, अमिना, त्याच्या हवाली केली. धंदा असा बसला: मी कोष्ट्यांकडून पांढऱ्या कापडाची थानं आणायची, ती त्याने माझ्याकडून घ्यायची, रंगवायची, आणि रिसोडपासून कामरगावपर्यंतच्या आठवडी बाजारांत नेऊन विकायची. त्याचं निळं कापड तिसऱ्या धुण्यालाही फिकं पडत नसे. कुणबिणी लांबून त्याच्या पालाकडे येत, आणि शेजारच्या पालांतले लोक जळत.

गुरुवारी मी थानं घेऊन त्याच्या घरी जात असे. त्याच्या ओसरीवर आमचा बाजार भरे. आधी तो सुपारी फोडायचा, अर्धी मला, अर्धी स्वतःला. त्यांच्याकडे एक कडू फळ असतं, ते फोडून वाटल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. इथे ते मिळत नाही म्हणून सुपारी. मग माझ्या घरच्या प्रत्येकाची नावाने चौकशी, मग माझ्या बैलांची, मग विहिरीच्या पाण्याची. मी तापायचो. "लेका, भाव बोल ना." तो म्हणे, "थांब ना बापा. म्या काय चोर हाओ, लवकर निंघून जायले?" आणि मग असा भाव सांगे की माझ्या डोक्यात तिडीक जायची. मी थानं बांधून उठायचो. तो जाऊ द्यायचा. मी फाटकापर्यंत गेलो की मागून ओरडायचा, "किसना, एक आना वर. तुह्या मायच्या नावानं." मी परत फिरायचो. दोन-दोन तास आमचं हे चाले. अमिनाभाभी आतून म्हणायच्या, आज भाऊजी तीनदा उठले, मागच्या गुरुवारी चारदा उठले होते.

मला वाटे तो चिक्कू आहे म्हणून इतका घासतो. एकदा मी तसं तोंडावर म्हणालो. तेव्हा त्याने मला समजावलं. त्यांच्या बाजारात माल घ्यायला येणारा भाव न करता सांगितलेले पैसे ठेवून निघून गेला, तर विकणारी बाई दिवसभर उदास बसते. पैसे पूर्ण मिळालेले असतात, तरी उदास. कारण भाव न करणं म्हणजे तुझ्याशी बोलण्याची मला गरज नाही, तू माझी कोणी नाहीस, असं सांगणं. "परक्याले पैसे देतात," तो म्हणाला. "आपल्याशी भांडतात." मी हसलो. मला ते व्यापाऱ्याचं चातुर्य वाटलं. पण मी घरी येऊन विचार केला तेव्हा ध्यानात आलं, अख्ख्या आठवड्यात माझं बोलणं ऐकायला दोन तास बसणारा तो एकच माणूस होता. आई गेली होती, बायको माझ्या रागाला भिऊन कामापुरतं बोले, भावांशी वाटणीवरून अबोला होता. मी पैसा मिळवला आणि माणसं घालवली, असं लोक म्हणतात. त्यातलं पहिलं खरं आहे.

पोरांच्या बाबतीत तो वेडा होता. चार मुली झाल्या आणि प्रत्येक तान्ह्या मुलीला त्याने पाठीवर फडक्याने बांधून बाजारात नेलं. त्यांच्याकडे बायका तसं करतात, पुरुष नाही. इथे तर दोघांतलं कोणीच करत नाही. हा सहा फुटी माणूस पाठीवर पोर बांधून निळं कापड फाडायचा. आठव्या दिवशी नाव ठेवायचा, तान्ह्या जिभेवर मधाचा आणि मिठाचा कण लावायचा, आणि मुसलमानी नावाबरोबर आपल्या बोलीतलं एक घरचं नाव कानात सांगायचा. तिसरी मुलगी झाली त्या सुमाराला लागोसहून मुंबईमार्गे फिरत फिरत एक पत्र आलं, आई वारल्याचं. पत्र लिहिलं होतं तेव्हा आईला जाऊन वर्ष झालं होतं. त्याने मुलीचं नाव इयाबो ठेवलं. आई परत आली, असा त्याचा अर्थ. त्यानंतर तिकडून पत्र आलं नाही. त्याच्या भाषेत बोलणारं आता त्याच्या माहितीत कोणी उरलं नव्हतं. पोरींना झोपवताना तो त्या भाषेत गायचा, पण तीच दोन-तीन गाणी, आणि पोरींना त्यांचा अर्थ येत नसे. मला एकदा म्हणाला, किसना, बोली विहिरीसारखी असते, उपसली नाही की गाळ धरते. त्याला पुढे बोलायचं होतं. मी म्हणालो, थानाचं बोल... मला तेव्हा घाई होती. कसली होती ते आठवत नाही.

आता जे झालं ते सांगतो. महायुद्ध चालू होतं. मी एका कामासाठी अकोल्याला गेलो होतो. स्टेशनवर लष्कराची गाडी उभी होती, आदल्या दिवसापासून अडकून पडलेली. डबे उघडे आणि फलाटावर शेकडो काळे सैनिक. कोणी नळाखाली डोकं धूत होतं, कोणी केस कापून घेत होतं. मी आधी नुसती गंमत पाहत होतो. मग एक जण माझ्यापासून हातभर अंतरावर संत्रेवाल्याशी भाव करायला उभा राहिला, आणि त्याच्या गालांवर मला तीन रेघा दिसल्या. तीन इकडे, तीन तिकडे. त्याला ना मराठी येत होती ना हिंदी. तो बोटांनी भाव करत होता, टोपली सोडून चार पावलं जात होता, परत येत होता, आणि हसत होता. ते हसणं मी दर गुरुवारी ऐकलेलं होतं. संत्रेवाला चिडला होता आणि खूषही होता. मी तिथे किती वेळ उभा राहिलो ते सांगता येत नाही.

परतीच्या गाडीत मी ठरवलं की सुलेमानशेठला सांगायचं नाही. त्या वेळी मी स्वतःला कारण दिलं ते धंद्याचं होतं. युद्धामुळे कापड मिळत नव्हतं, मी मोठ्या खटपटीने थानं जमवली होती, आणि ती घेणारा, रंगवणारा हा एकच. याला गावाची ओढ लागली आणि हा त्या गाडीमागे मुंबईला आणि तिथून बोटीत गेला तर माझी थानं मी कोणाच्या गळ्यात घालू? असं कारण. आज लिहिताना मला ते टिकाऊ वाटत नाही. चार मुली आणि बायको टाकून जाणारा तो नव्हता, हे मलाही कळत होतं. पण मी त्याला त्या सैनिकांमध्ये उभा पाहिला... मनात... हसताना, त्याच्या बोलीत भडाभडा बोलताना. त्या घोळक्यात मी कुठेच नव्हतो.

गुरुवारी त्याच्या ओसरीवर गेलो. त्याने सुपारी फोडली. बैलांची चौकशी केली, विहिरीची केली. मग म्हणाला, "अकोल्याले गेला होता म्हनत होते. काय पाह्यलं?"

"काय पाहाचं? धूळ अन् गर्दी."

"ठेसनावर?"

"ठेसनावर काय रायते? गाड्या."

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी थानाची गाठ सोडत होतो. मी भाव सांगितला, नेहमीसारखा चढा, त्याने तो तोडावा म्हणूनच सांगितलेला. तो म्हणाला, "बरं. ठेवा तिथं." आत गेला, पैसे आणले, माझ्या पुढ्यात ठेवले. "तुमी च्या घेता काय?" म्हणाला.

सतरा-अठरा वर्षं मी त्याचा 'तू' होतो. त्या दिवशी 'तुमी' झालो. तो आजारी असेल असं वाटून मी घरी आलो. पुढच्या आठवड्यात बाजारात ज्याच्या त्याच्या तोंडी अकोल्याच्या काळ्या पलटणीच्या गोष्टी सुरू झाल्या, कोणी सुलेमानशेठच्या पालावर जाऊन "तुमचे भाऊबंद आलते" म्हणून सांगितलंही, आणि मला वाटलं, झालं, याला आता कळलं. आता हा माझा गळा धरेल. मी तयारीत होतो. उलट काय बोलायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पण गुरुवारी त्याने फक्त सुपारी फोडली, चौकशी केली, मी सांगितलेला भाव दिला, आणि चहा विचारला. त्याच्या पुढच्या गुरुवारी तेच. त्याच्या पुढच्याही.

मी त्याला चिथावायला काय काय केलं ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. भाव दीडपट सांगितला. "बरं." एकदा कसर लागलेलं थान मुद्दाम वर ठेवलं, भोकं दिसतील असं. त्याने ते उचललं, बोट भोकातून घातलं, मग थानाची घडी फिरवून भोकं आत घातली आणि ते इतर थानांखाली सारलं. एकदा मी त्याच्या पोरींसमोर म्हणालो, शेठ, तुमाले आता धंदा झेपत नाही. तो म्हणाला, खरं हाय. असा अडीच वर्षं हा प्रकार चालला. मला सगळे पैसे पूर्ण मिळत होते आणि मी दर गुरुवारी त्याच्या फाटकातून उदास होऊन बाहेर पडत होतो. मग रागाने घरी कोणावर तरी ओरडायचो. लोकांना मी फायद्यात दिसत होतो. हा त्याने माझ्यावर केलेला अन्याय. चोराला फटके मारावेत, कोर्टात न्यावं. पण त्याला चहा विचारत राहू नये.

यंदा थंडी संपता संपता त्याच्या छातीत दुखणं बसलं. मी भेटायला गेलो. अंगणात बाजेवर पडला होता, पाय बाजेच्या बाहेर गेलेले. श्वास लागत होता. मी म्हणालो, काय लागन ते सांग, अकोल्याहून डॉक्टर आणतो. तो म्हणाला, "तुमी आले, बरं झालं." मी बाजेशी उभा होतो आणि माझ्या ओठांवर ती गोष्ट आली होती. खरंच आली होती. स्टेशन, संत्री, गालावरच्या रेघा. पण त्या 'तुमी'ने माझं डोकं फिरलं. मला वाटलं, मरणाच्या दारातही हा मला परका ठेवतो. मी उठलो आणि निघालो, फाटकापर्यंत. त्याने मागून हाक मारली नाही. त्याला श्वास नव्हता, हे मला पुढे सुचलं. मी पुन्हा गेलो नाही, आणि अकरा दिवसांनी मी शेलूबाजारला परक्या माणसाचा हात धरून बसलो होतो.

त्याच्या मागचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी त्या घरी गेलो. उरलेली थानं, रांजण यांचं काय करायचं हे विचारायला, असं मी घरी सांगितलं होतं. अमिनाभाभी ओसरीच्या कडेला बसल्या होत्या. मी थोडा वेळ थानांचं बोललो. मग माझ्याने राहवलं नाही आणि मी माझी तक्रार त्यांच्यापुढे मांडली, जशीच्या तशी. म्हणालो, भाभी, मी चुकलो असेन, त्याला अकोल्याचं सांगितलं नाही. पण लोकांकडून कळल्यावर त्याने मला एक शिवी तरी द्यायची होती. अडीच वर्षं त्याने मला एक शिवी दिली नाही.

भाभी म्हणाल्या, "लोकायकडून? कोन्या लोकायकडून, भाऊजी? ते सोता गेलते ना ठेसनावर. तुमच्या एक दिवस आधी."

त्यांनी सांगितलं ते असं. गाडी अडकली त्याच दिवशी रेल्वेतल्या एका ओळखीच्या माणसाने त्याला निरोप दिला होता. तो अंगातल्या कपड्यानिशी निघाला. फलाटावर त्याला गालावर रेघा असलेला एक पोरगेला सैनिक दिसला. याने त्याला हाक मारली, त्यांच्या रीतीप्रमाणे कुशल विचारायला तोंड उघडलं, आणि पहिले दोन शब्द बरोबर निघाले, तिसरा वऱ्हाडी निघाला. मग सगळंच वऱ्हाडी. तीस वर्षांची गाळ धरलेली विहीर. तो सैनिक हसला, आपल्या मित्रांना बोलावून म्हणाला असेल काहीतरी, आणि याच्याशी इंग्रजीत बोलू लागला, जसं कोणाही इकडच्या माणसाशी बोलावं तसं. याला इंग्रजी येत नव्हतं. तो फलाटाच्या टोकाला जाऊन बसला आणि नुसतं त्यांचं बोलणं ऐकत राहिला. सगळं समजत होतं म्हणे. संध्याकाळच्या गाडीने परत आला.

"मले एवढंच सांगतलं," भाभी म्हणाल्या, "मंग म्हने, किसना उद्या अकोल्याले जानार हाय. तो पाहून येईन. त्याच्यापाशी बोलतो. मी म्हनलं, माह्यापाशी बोला. तं म्हने, तू रडशीन. किसना भांडन."

म्हणजे गुरुवारी त्याने मला विचारलं, काय पाहिलं, तेव्हा तो चौकशी करत नव्हता. दार उघडून उभा होता. मी म्हणालो, धूळ अन् गर्दी. त्याने पुन्हा विचारलं, स्टेशनवर. मी म्हणालो, गाड्या. आणि तो खोटं बोलणाऱ्या माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, सगळं ठाऊक असून.

मी विचारलं, मग तो म्हणाला का नाही, मी पण गेलो होतो म्हणून? भाभींनी पदराने तोंड पुसलं. म्हणाल्या, वाट पाहत होते. आज नाही तर उद्या किसना स्वतःहून सांगेल. दर गुरुवारी सकाळी ते इयाबोला घेऊन बसायचे, आज किसनाने किती सांगितलं तर आपण कितीला तोडायचं हे ठरवायचे, तिला किसना करायचे, तिच्याशी भांडून पाहायचे. पोरगी हसून हसून बेजार व्हायची. अडीच वर्षं दर गुरुवारी भाव ठरवून ते ओसरीवर येऊन बसत होते. आणि मी फक्त भाव सांगत होतो.

त्या वेळी इयाबो आतून आली. तीच ती तिसरी, आता लग्नाची झालेली. बापाची उंची घेतलेली, रंग त्याच्याहून उजळ, गाल कोरे. तिने आमचं बोलणं ऐकलं असावं. माझ्यासमोर खाली बसली आणि म्हणाली, "काका, तुमी पाह्यले ते? आबासारखे मानसं?"

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा मी भाव न करता काही दिलं. गाडीचा रंग, उघडे डबे, नळाखाली धुतलेली डोकी, संत्र्यांची टोपली, चार पावलं जाणं, परत येणं, हसणं. तिने गालांवरच्या रेघांबद्दल दोनदा विचारलं. तसेच का? तसेच. हाताच्या पंजांबद्दल विचारलं, चालण्याबद्दल विचारलं. तिने जन्मात आपल्या बापासारखा दुसरा माणूस पाहिला नव्हता. तिला वाटत होतं, जगात तो तेवढा एकच तसा होता आणि आता तसं कोणी नाही. मी सांगत होतो आणि ती मान हलवत होती, जणू कोणाची तरी ओळख पटवत होती.

"मंग त्यायच्यासंगं तुमी काई बोलले काय?"

"नाही," मी म्हणालो.

आता मी दर गुरुवारी तिथे जातो. थानं नसली तरी जातो. धंदा भाभी आणि इयाबो चालवतात आणि माझी त्यात कोणाला गरज नाही. ओसरीवर बसलो की इयाबो येऊन समोर बसते. पहिले दोन-तीन गुरुवार मला नवं काही ना काही आठवत गेलं: एकाच्या हातात पितळी डबा होता, एक जण खांबाला टेकून उभ्या उभ्या झोपला होता. आता आठवत नाही. ती विचारते, अजून काय? मला वाटतं, एखादी गोष्ट जोडून द्यावी. एका सैनिकाने मला थांबवलं आणि विचारलं, इथे आमचा कोणी राहतो का... एवढं सांगितलं तर ती ते आयुष्यभर जपेल. तिला कधी कळणारही नाही. पण तिच्या बापासमोर मी एकदा खोटा माल ठेवला आहे. ती विचारते, अजून काय, काका, आणि वाट पाहत बसते. मी सांगतो, एवढंच पाहिलं होतं, पोरी. माझ्याजवळ एवढंच आहे.